सही केलेली कोरी चिठ्ठी

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले संचालकसाहेब. व्यासपीठावर विराजमान विद्यापीठाच्या प्राध्यापकबाई. आजचे सत्कारमूर्ती, आपले मुकादम ओळंबाकाका. आणि चहा कधी येतोय म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

आज एकाच हॉलभाड्यात दोन कार्यक्रम आहेत. काकांना निरोप, आणि बांधकाम कायद्याची पदवी घेऊन आलो म्हणून माझा सत्कार. काकांना ओळंबा का म्हणतात हे नव्या मंडळींना सांगतो. भिंत अर्धा बोट कलली, तरी हा माणूस नुसत्या नजरेनं ओळखतो. बावीस वर्षांपूर्वी मी कोरा करकरीत इंजिनिअर म्हणून आलो, तेव्हा मला उभं राहायला यांनीच शिकवलं.

सेहेचाळिसाव्या वर्षी बाकावर बसणं म्हणजे काय, विचारा माझ्या गुडघ्यांना! पहिल्या दिवशी वर्गात शिरलो तर पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, सर आले. परीक्षेला निघालो की आमची लेक दारात उभी राहून विचारायची, "बाबा, ओळखपत्र घेतलं? दोन पेनं घेतली?" आणि सौभाग्यवती आतून म्हणायच्या, "अगं, डोकं घेतलंय का ते विचार आधी."

गौरवपत्रात छापलंय की मी जिद्दीनं पुन्हा शिकायला गेलो. कसली जिद्द हो! कंपनीनं पाठवलं. बदल्यात पाच वर्षं नोकरी सोडायची नाही आणि कंपनीचे दावे लढवायचे, असं लिहून दिलं. तेव्हा ते उपकार वाटले. दुसऱ्या सत्रात हाती पहिली फाइल आली. ती आपल्या गळक्या तळघराची होती.

आपली साइटची रीत तुम्हाला ठाऊक आहे. काँक्रीट ओतण्याआधी इंजिनिअरनं खड्ड्यात उतरून सळ्या तपासायच्या आणि चिठ्ठीवर सही करायची. आणि आपण काय करतो? सोमवारी सकाळी आठवडाभराच्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या ठोकतो. का, तर काँक्रीटची गाडी दारात उभी असते, माल घट्ट होत असतो, वर चढउतार कोण करणार? हसताय ना? मीही हसायचो.

चौकशी अहवाल म्हणतो, मुकादमानं तपासणीच्या चिठ्ठीशिवाय काँक्रीट ओतलं. म्हणून काकांना तीन वर्षं आधीच घरी बसवलं जातंय. आणि ही बाजू कायद्यात घट्ट बसवायचं काम माझ्याकडे! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पुढची दीड वर्षं रोज वर्गात याच विषयाच्या तासाला बसायचं आणि वहीत मान खाली घालायची. एकदा बाईंनी सांगितलं, सही करणाऱ्यानं काम पाहिलं असंच धरलं जातं. मी मागच्या बाकावरून विचारलं, "आणि पाहिलं नसेल तर?" बाई म्हणाल्या, "मग सही कशाला केलीत?" वर्ग हसला. बाई, तुम्हाला आठवत नसेल. मी मात्र ते विसरलेलो नाही.

कारण तळघराचं काँक्रीट ओतायच्या दिवशी काकांनी मला फोन केला होता. "साहेब, एकदा खाली येऊन बघा. भिंतीच्या सळ्या साच्याच्या फळीला टेकल्यासारख्या वाटतात. मध्ये काँक्रीट शिरणार नाही, पाणी झिरपेल." मी वर ऑफिसात होतो. म्हटलं, "चिठ्ठी दिलीय ना तुम्हाला? ओता की!"

त्या चिठ्ठीची ऑफिसातली प्रत गहाळ झाली आणि काकांनी आपली चौकशीत दाखवलीच नाही. शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर मी काकांना चाचरत विचारलं, तुमच्याकडची? ते म्हणाले, "आहे ना. पण आधी तुमची परीक्षा होऊ द्या." पेपर संपला त्या संध्याकाळी घरी येऊन ती माझ्या हातात ठेवली आणि वर म्हणाले, "फाडायची तर फाडा. माझं आता काय राहिलंय?" मला लाज वाटली. आजही वाटतेय.

काका, हातानं खुणा करू नका. बसणार नाही मी.

अध्यक्षमहोदय, ही ती चिठ्ठी. सही माझी आहे. सोबत माझं निवेदन आहे. आज सकाळी त्या तळघरात उतरलो, प्लास्टर पडलंय तिथल्या सळ्या हातानं चाचपल्या, आणि मगच त्याच्यावर सही केली. दुसऱ्या प्रतीवर कृपया मिळाल्याची सही द्या. पाच वर्षांचा करार आहेच. ठेवायचं की काढायचं, ते तुम्ही ठरवा.

आयोजकांचे, बाईंचे, तिसऱ्या रांगेत डोळे पुसत असलेल्या माझ्या दोघींचे मनापासून आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पदरात घ्यावं. भिंतीतली चूक मात्र काकांच्या पदरात नको. ती माझी आहे.

साहेब, पेन देऊ? माझ्याकडे दोन आहेत.