कोंबलेली जाळी

अल्फने उभी हयात खोल्या उबदार ठेवणाऱ्या घरोघरच्या गॅसच्या शेकोट्या दुरुस्त करण्यात घालवली होती. इंग्लंडातल्या ग्रिम्सबीच्या दवाखान्यात तो नंबराची वाट बघत होता. मागे दोघी शेजारणी बोलत होत्या.

"आठवडाभर डोकं ठणकतंय, एडना."

"शेकोटी नीट पेटते ना गं?"

"पेटते की. आधी मेली निळी जळायची, आता पिवळीधमक, खऱ्या कोळशासारखी."

"आणि तो गार वारा?"

"भिंतीतल्या हवेच्या जाळीत वर्तमानपत्रं कोंबली. वारा बंद."

"विषारी वायू साठला की वाजतो तो भोंगा लावलायस ना?"

"सारखा कोकलायचा. सेलच काढून टाकले."

अल्फ गर्रकन वळला. "बाई, आत्ता घरी कोण आहे?"

"आमचे हे. शेकोटीपुढे झोपलेत. निघताना तीन हाका मारल्या, उठलेच नाहीत. म्हटलं, झोपू दे."