तात्यांची दोषवही

टाळी वाजवा, मंडळी! जोरात! मघाशी पूर्वरंगात शास्त्र सांगत होतो तेव्हा निम्मे पेंगत होता, मला इथून सगळं दिसतं! आता उत्तररंग. आता गोष्ट! सरसावून बसा!

पण आधी एक प्रश्न. ज्या वस्तूत खोट आहे — धडधडीत दिसते आहे — ती वस्तू आवडली तर चालेल का? की खोट दिसली की उचलून बाजूला टाकायची? हं? बोला! कोणी बोलत नाही! पहिल्या रांगेतले आजोबा तेवढे वहीत काहीतरी लिहिताहेत. लिहा आजोबा, लिहा!

बरं, ऐका. देवगडजवळच्या एका गावात तात्या पराडकर नावाचे गृहस्थ. हापूसची दोनशे कलमं! आणि नजर? अहो, काय नजर! मांगरात, म्हणजे बागेतल्या त्या शेडमध्ये, पेंढ्यावर मांडी घालून बसायचे आणि एकेक आंबा हातात घेऊन फिरवायचे. स्वच्छ असेल तर पेटीत. पेटी चालली मुंबईला! आणि तिळाएवढा जरी काळा ठिपका दिसला, तर तो डागी. डागी आंबा पेटीत जात नाही. तो जातो कॅनिंगला, रसाच्या कारखान्यात. तात्या तो आंबा बाजूला भिरकवायचे आणि ओरडायचे, "कॅनिंगाक!" मला त्यांची मालवणी जमते तेवढीच जमते, हसू नका!

आता आंब्यापुरतं होतं तोवर ठीक. पण मंडळी, हाताची सवय जिभेवर गेली! नवा मास्तर गावात आला — उभा राहताना वाकतो. "कॅनिंगाक!" शेजाऱ्याने घर रंगवलं — रंग भडक झाला. "कॅनिंगाक!" इंदूकाकूंनी, म्हणजे तात्यांच्या पत्नीने, एकदा हौसेने नवी साडी नेसून दाखवली. तात्या म्हणाले, "काठ पदराक शोभणा नाय." काकूंनी ती साडी घडी घालून ठेवून दिली, पुन्हा म्हणून नेसली नाही. चाळीस वर्षं संसार केला बाईने! सत्कार करायला हवा की नको?

आणि यांना एकच मुलगी, मालवणीत म्हणायचं तर एकच चेडू. स्वरूपा. शिकली सांगलीला, शिक्षिका झाली, वय एकतीस. अकरा स्थळं आली. एकाचं नाक, एकाचं गाव, एक जेवताना मचमच करतो — अकराच्या अकरा कॅनिंगाक! बारावा मुलगा मात्र स्वरूपाने स्वतः निवडला. मुलगा सांगलीकडचा. काय करतो? बोलायचं काम करतो. एवढंच समजा सध्या. त्याचं नाव मागाहून सांगतो.

तर हा मुलगा चैत्रात मुलीच्या घरी निघाला. रिकाम्या हाताने कसं जायचं? वाटेत कोल्हापूरला थांबला आणि काय घेतलं असेल? ओळखा! अहो, आंब्याची पेटी! आंबेवाल्याच्या घरी आंबे! आणि पेटीवर लिहिलेलं काय? अस्सल देवगड हापूस!

तात्यांनी पेटी उघडली. एक आंबा उचलला. देठाला नाक लावलं. डोळे मिटले. तात्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "ह्यो आंबो आमच्याकडचो नाय. ह्यो घाटमाथ्यापलीकडचो. आणि ह्येका आणणारोय तसोच!"

संपलं! पोरगा घाबरला, आणि घाबरला की त्याची जीभ सुटते. अर्धा तास बोलत सुटला! कोल्हापुरातून निघाला, घाटात अडकला, घाटातल्या चहावाल्याच्या मेहुण्याच्या म्हशीवर पोचला, आणि मूळ मुद्दा कुठला ते त्यालाच आठवेना. पोहे थंड. तात्या उठून मांगरात निघून गेले. जाता जाता एकच शब्द! कुठला? म्हणा सगळे!

कॅनिंगाक! बरोबर!

स्वरूपा रडली नाही हो. वडिलांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तात्या, तुमच्या होकाराशिवाय मी लग्न करणार नाही. पण दुसऱ्या कोणाशीही करणार नाही." तिकडे मुलाच्या आईने — तात्यांच्या भाषेत आवशीने — दुसरं स्थळ बघून ठेवलेलं. अक्षय्य तृतीयेला त्या लोकांना हो की नाही ते कळवायचं. हातात महिना, आणि तात्या बोलायलाच तयार नाहीत!

त्यातच चौथ्या दिवशी बागेत काय झालं! उंच फांदीवर एक आंबा. तात्यांना खालून काळं काहीतरी दिसलं. डाग आहे की पानाची सावली? आता सहासष्टाव्या वर्षी सोडून द्यावं की नाही? पण नाही! शिडी लावली. चढले. एक पायरी, दोन पायऱ्या... आणि शिडी म्हटली की आठवतं, आमच्या आळीत एक रंगारी होता, त्याची शिडी इतकी जुनी, इतकी जुनी, की तिच्या वरच्या पायरीवर चिमणीने घरटं केलं, आणि हा सज्जन माणूस पिल्लं उडेपर्यंत रंगवायला स्टूल वापरायचा! त्या स्टुलाला पाय तीनच, चौथ्याच्या जागी विटा, आणि त्या विटा आल्या होत्या...

काय? बायकांमधून कोण बोललं? "बुवा, तात्या शिडीवरच राहिले!" अरेच्चा! खरंच की! उतरवतो, उतरवतो! अहो, उतरले कसले — पडले! घोट्याचं हाड मोडलं, पायाला प्लास्टर, दीड महिना घराबाहेर पडायचं नाही. आणि त्या आंब्यावर काय होतं? सावली!

आता विचार करा. ऐन हंगामात हा माणूस घरात, पाय स्टुलावर. चार पायांच्या! आंबे नाहीत, तर नजर फिरवायची कशावर? आमटीवर, पंख्यावर, इंदूकाकूंच्या चालण्यावर! आठ दिवसांत काकू टेकीला आल्या. तेव्हा स्वरूपाने टीव्ही लावला आणि त्यावर आपली आवडती मालिका. कुठली? थायलंडची! प्रेमाची! हिंदीत आवाज घातलेली!

डोळे मोठे करू नका! देवाच्या दारात थायलंडची गोष्ट सांगायला कोणी मनाई केली आहे का? तिकडचीही माणसंच ना?

तात्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "गो, एक वही दी." कशाला? तर दोष लिहायला! शंभर पानी वही, निळं पेन. आणि मंडळी, दोषांना तोटा नव्हता हो! पात्राने तोंड मिटलं तरी आवाज चालूच — दोष पहिला. नायक नायिकेच्या अंगावर धडपडतो आणि दोघं एकमेकांकडे बघत राहतात. कॅमेरा तीन फेऱ्या मारून आला तरी कोणी उठत नाही — दोष सातवा. पाऊस पडतो तो फक्त या दोघांवर, मागे लख्ख ऊन! नायिका धाय मोकलून रडते आहे, रडता रडता पर्समधून क्रीम काढते, डबी कॅमेऱ्याला दाखवते, गालाला लावते, आणि पुन्हा रडायला लागते! नायकाच्या कपाळाला उजवीकडे पट्टी, पुढच्या प्रसंगात डावीकडे, त्याच्या पुढच्यात गायबच! तेव्हा तर तात्या खवळले. "माझा प्लास्टर दीड महिनो, आणि ह्येची पट्टी दोन मिन्टांत?" आणि नवव्या भागात काय? नायकाची स्मृती गेली! कशाने? डोक्यात नारळ पडला म्हणून!

पण काकू सगळं बघत होत्या बरं का. पहिल्या दिवशी तात्या म्हणाले, "कसला थिल्लर!" दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता विचारलं, "ता थिल्लर कधी लागतला?" पाचव्या दिवशी अडीचलाच चष्मा पुसून तयार! स्मृती गेली त्या दिवशी तात्या रात्री जेवले नाहीत. म्हणे भूक नाही!

आणि त्यांना सगळ्यात जास्त आवडला कोण? नायिकेचा बाप! तिकडे ड्युरियन म्हणून फळ असतं, आपल्या फणसासारखं काटेरी. या बापाची ड्युरियनची बाग. काठीने फळावर टकटक करतो, कान लावतो, आणि आवाजावरून सांगतो, पिकलं की कच्चं. तात्या म्हणाले, "बघा! ह्यो माणूस कामाचो!" नायक शहरातला, प्रेमात पडला म्हणून बागेत गडी होऊन राहिलेला. पहिल्याच दिवशी सासऱ्याला खूश करायला त्याने काय केलं? अख्ख्या झाडाची कच्ची फळं उतरवून ठेवली! तात्या पोट धरून हसले हो! इंदूकाकू हसल्या नाहीत. त्या तात्यांकडे बघत राहिल्या.

आला सोळावा भाग. शेवटचा! दिवस कुठला? अक्षय्य तृतीयेची आदली दुपार! स्वरूपा स्वयंपाकघरात, फोन समोर ठेवून बसलेली. उद्या सगळं संपणार, हे तिला माहीत. तात्यांनाही माहीत. पण डोळे पडद्यावर!

पडद्यावर नदीकाठचा धक्का. नायक पिशवी घेऊन उभा. स्मृती परत आलेली — कशी आली विचारू नका, दुसरा नारळ! तो सासऱ्याच्या पाया पडतो आणि म्हणतो, "मला फळातलं काही कळत नाही. पण तुमच्या मुलीवर माझं प्रेम आहे." बाप तोंड फिरवतो. म्हणतो, "जा. तू कच्चा आहेस." होडी सुटायला आली. नायिका रडते आहे, या वेळी क्रीमसुद्धा काढली नाही! आणि तात्या — मंडळी, तात्या प्लास्टरसकट खुर्चीतून अर्धे उठले आणि ओरडले,

"अरे दी रे चेडू! पोरगो इतको जीव लावता! एक चूक केल्यान म्हणान काय झाला?"

टक्! चित्र थांबलं. नायकाचं तोंड उघडंच! रिमोट कोणाच्या हातात? इंदूकाकूंच्या!

"काय म्हटल्यात? परत एकदा म्हणा बघया."

तात्यांनी पडद्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "आधी ता चालू कर. होडी सुटात!"

"सुटूदे. माका आधी सांगा, त्या वहीत दोष किती झाले?"

"एकशे त्रेचाळीस."

"एकशे त्रेचाळीस! मग घाला की कॅनिंगाक! मी टीव्ही बंद करतंय."

"रिमोटाक हात लावशीत तर बघ!"

आता काकू उठल्या. चाळीस वर्षांत आवाज चढवला नव्हता त्या बाईने! म्हणाल्या, "पेटीतलो आंबो मुंबईक जाता. आपल्या घरात चाळीस वर्षं काय खाल्ला? डागी! तुम्ही आणि मी आणि ह्या पोरीन, डागी आंबो खाल्लो. सांगा माका, एकदा तरी कमी गोड लागलो?"

बागायतदाराच्या घरची ही रीतच आहे, मंडळी. चांगला आंबा विकायचा आणि डागी घरात खायचा. तात्या रोज ताटात घेत होते, बोटं चाटत होते, आणि चाळीस वर्षं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं!

तात्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला, पुन्हा काढला, कारण काच कोरडीच होती, भरले होते डोळे. स्वरूपा दारात येऊन उभी राहिलेली. तिच्याकडे न बघता हात पुढे केला आणि म्हणाले, "फोन लाव त्येका."

सांगलीला फोन वाजला. त्या पोराने पहिल्याच घंटेला उचलला. पलीकडून आवाज आला, "तात्या पराडकर बोलतंय. उद्या आवशीक घेवन येवा. आणि ऐका — आंबे आणू नकात!" फोन ठेवला आणि बायकोवर ओरडले, "आता तरी लाव गो! होडी सुटली काय बघूदे!"

सुटली नाही, मंडळी! बापाने हाक मारली! तात्या लहान पोरासारखे रडले, आणि रडता रडता वहीत लिहिलं, "दोष एकशे चव्वेचाळीस. बापाने फार उशीर केला." आणि खाली, जिथे शेरा लिहितात तिथे, दोनच शब्द. "पुन्हा बघणे."

आता त्या मुलाचं नाव सांगायचं राहिलं. गोष्ट सांगता सांगता भरकटणारा, शिडीवर माणूस विसरून रंगाऱ्याच्या स्टुलावर जाऊन बसणारा! अहो, अजून नाही ओळखलंत? तो हा तुमच्यासमोर उभा आहे, झांज हातात घेऊन! आणि मघाशी बायकांमधून कोण ओरडलं? उभी राहा, स्वरूपा! आमची ओळखच अशी झाली. सांगलीला एका कीर्तनात मी राजाला विहिरीत उतरवून विसरलो, आणि ही श्रोत्यांतून म्हणाली, "बुवा, राजाला वर काढा!"

हसलात? हसा! पण आता वळतो तुमच्याकडे. तुमच्या घरात कॅनिंगला कोण घातलंय? वहिनीचा आवाज मोठा, म्हणून? भाऊ एका लग्नात चुकीचं बोलला, म्हणून सहा वर्षं बोलणं बंद? पोराने तुमच्या मनासारखं शिक्षण घेतलं नाही, म्हणून? आणि एखादी साधी, वेडीबागडी गोष्ट आवडली, हसलात, मन हलकं झालं, तर ती चोरून आवडून घेता, चारचौघांत नावं ठेवता! कशाला? खोट दिसते ना? दिसू द्या! डोळे फोडून घ्या असं मी म्हणत नाही. तात्यांनी एकशे चव्वेचाळीस लिहून काढल्या. पण बघायचं सोडलं नाही!

आणि आपण सगळे? या देवासमोर हात जोडून बसलोय, आपल्या अंगावर काय कमी डाग आहेत? त्याला एकेक दिसतो! तरी फेकलंय का त्याने आपल्याला? नाही! अहो, त्याच्या घरातही तीच रीत आहे. डागी आहोत, म्हणून तर त्याच्या घरात आहोत!

तबला जरा थांबवा. पहिल्या रांगेतले आजोबा, म्हणजे आमचे सासरे, आज पहिल्यांदाच जावयाचं कीर्तन ऐकायला आलेत. मघापासून लिहिताहेत. मला घाम फुटलाय हो, पण विचारतोच! तात्या, आज किती झाले?

"सत्त्याण्णव!"

ऐकलंत? सत्त्याण्णव! आणि शेरा? तात्या, शेरा काय लिहिलात? डोळे भरले, वाचता येत नाही? इंदूकाकू, तुम्ही वाचा. मोठ्याने, शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ द्या!

"पुन्हा ऐकणे!"

वाजवा टाळ! उठा, सगळे उठा, आरती पेटवा! देवा, वही तुझ्याकडेही आहे. आमचे दोष लिही, सगळे लिही. फक्त खाली शेरा तेवढा असाच लिही रे बाबा!