ईश्वरीने माझं नाव घेतलं

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष वैजयंती मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, द्रोणागिरीच्या गोदामातून मुद्दाम आलेली मंडळी आणि माझ्या सहकारी मित्रमैत्रिणींनो,

माझ्याविषयी आता इतकं चांगलं बोललं गेलं, की मधुकर नावाचा दुसराच कोणी निवृत्त होतोय की काय, असं वाटलं. एक गोष्ट मात्र कोणी सांगितली नाही. कशी सांगणार? ती दोघांनाच ठाऊक आहे.

गोदामाचं जावा सॉफ्टवेअर चौदा वर्षं मी सांभाळलं. मार्चमध्ये त्याची नवी आवृत्ती नव्या सर्व्हरवर चढवायचं काम ईश्वरीला मिळालं. तिला इथे येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. मी तिचं अभिनंदन केलं आणि नेरूळला घरी पोचेपर्यंत जळत राहिलो.

नवी आवृत्ती सुरू झाली त्या सोमवारी सकाळी गोदामाच्या गेटवरच्या अकरा कॉम्प्युटरांपैकी नऊ सर्व्हरला जोडलेच जाईनात. कंटेनरचे ट्रेलर रांगेत उभे. ईश्वरी सर्व्हर तपासत होती, नेटवर्कवाल्यांना फोन करत होती. मला कारण पाच मिनिटांत कळलं होतं. जुन्या मशीनवर सेटिंगची एक फाइल मीच कधीकाळी ठेवली होती. तिच्यात जुन्या सर्व्हरचा पत्ता होता, आणि प्रोग्राम आधी तीच वाचायचा. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी चहा घेतला. म्हटलं, येईल विचारायला.

ती आली नाही. द्रोणागिरीला गेली, गेटवरच्या शहाजींशेजारी बसली आणि चालणारी दोन मशीन बाकीच्यांशी ताडून पाहिली. ती दोन्ही नवीन होती. दुपारी तीनला तिला जुन्या मशीनवरची फाइल सापडली. वर माझं नाव होतं.

संध्याकाळी मॅडमनी विचारलं, कसं सापडलं? ती म्हणाली, "मधुकर सरांनी सांगितलं, जुनी मशीन बघ."

मॅडमनी माझी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली. नंतर जिन्यात तिला गाठून विचारलं, असं का सांगितलंस?

"तुम्हाला माहीत होतं, हे कळलं मला, सर. पण तुमचे तीनच महिने राहिलेत."

तोवर तिच्या कामाचा हेवा वाटायचा. तेव्हापासून स्वभावाचाही वाटू लागला. अजून गेलेला नाही. मघाशी तिच्या भाषणाला टाळ्या वाजल्या, तेव्हाही मला टोचल्या.

मॅडम, मी काहीही सांगितलं नव्हतं. ती शाबासकी ईश्वरीची होती.

या शालीबद्दल, इतक्या वर्षांच्या सोबतीबद्दल मनापासून आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल, तर आपण सांभाळून घ्यालच. त्या सोमवारचं मात्र सांभाळून घेऊ नका. शहाजी, त्या दिवशी ड्रायव्हरांच्या शिव्या तुम्ही माझ्यामुळे खाल्ल्यात. ईश्वरी, मला माफ कर.