हरणांचा हौद

सरकारी बोर्डाचं कौतुक मला सांगू नका राव! आमच्या फुलंब्रीकडच्या डोंगरावर मेंढरं चारायची नाय, अशी धनगरांनी देवाचा भंडारा उचलून शपथ घेतली होती. चार-पाच वर्षांत गवत वाढलं, हरणं परत आली. उन्हाळ्यात धनगरांतलेच आमचे सखामामा रोज हंड्यानं पाणी नेऊन हरणांचा हौद भरायचे.

परवा साहेब लोक आले, हारतुरे झाले, बोर्ड लागला. मामांना वाचता येत नाय. मला म्हणले, "आमचं नाव हाय का रं त्याच्यावर?"

"हाय की, ठळक अक्षरात! 'हरणांच्या रक्षणासाठी मेंढपाळांना प्रवेश बंद.'"

मामांनी भरलेला हंडा बोर्डाखाली ठेवला. म्हणले, "मग हौद भरायला आता ह्यालाच सांग."