संदेश मिळाला, हिंमतराव

...नाही, पण तुम्हाला सांगतो, माझं काय चुकलं? मानेसरच्या कारखान्यात मी प्रोग्राम लिहितो. बॉस म्हणाला, "मशीन बंद पड़ी, लॉग में एंट्री हुई, तो सबके फ़ोन पर ख़बर जानी चाहिए, बस!" लिहिला! लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या रोजनिशीत, काहीही नोंद होऊ दे, फोनवर टुंग! आणि डेमो नीट झाला तरच मला रजा, मेव्हणीच्या लग्नाला कराडला जायची. आता चाचणीला कोणीतरी मेसेज वाचणारा नको? ऑफिसात वाचतं का हो कोणी? म्हणून सासऱ्यांचा नंबर टाकला. रिटायर्ड सुभेदार हिंमतराव! फौजेची सवय, निरोप आला की पोच देणार म्हणजे देणारच.

डेमो सुरू. मशीन बंद, नोंद, टुंग! बॉस खूश, "वाह यार, बिल्कुल!" तेवढ्यात कराडहून पोच: "संदेश मिळाला. हिंमतराव." आता पोच आली की तिचीही लॉगमध्ये नोंद, ही सोय मीच केलेली, हौसेनं! नोंद झाली, टुंग! टुंग झालं, पोच आली, पोचेची नोंद, परत टुंग! माणूस दमेचना! बॉसचा फोन टेबलावर थरथरत थरथरत निघाला चहाच्या कपाकडे... "अरे, ये हिम्मतराव है कौन?" सर, ससुर जी हैं। "तो उनको रोको ना!" लावला फोन, तर म्हणतात, "जावईबापू, फोन ठेवा, इथं मेसेज येतायत!" सांगा, माझं काय चुकलं?

शेवटी त्यांना सांगून नंबरच काढला. शांत! बॉस हसून हसून लाल, रजा मंजूर! उड्या मारत गाझियाबादला घरी आलो, तर बायको, क्षिप्रा, दारातच: "बाबांना काढून टाकलंस? दुपारपासून चहा घेतला नाही त्यांनी! म्हणतात, मांडवात जावयाशी एक शब्द बोलणार नाही." आता बोला! मग रजा काय चाटायचीय?

टाकला परत त्यांचा नंबर. पोचेची नोंद करायची नाही, एवढी ओळ घातली. अक्कल आली हो! आज सगळं सुरळीत, एकही मशीन बंद नाही, बॉस खूश, मी खूश... आणि आत्ता सासऱ्यांचा फोन: "जावईबापू, सकाळपासून एक मेसेज नाही. तुमच्या कारखान्यात काही काम चालतं की नाही?"

माझं काय चुकलं, ते राहू द्या. चला, येतो... एखादं मशीन बंद पाडतो.