मागचं अर्धं

"हॅलो? … हां, बोल गं चिमे. … नाही, जेवण व्हायचंय अजून. … प्रार्थना? झाली की, आत्ताच उठले. … थांब हं, चष्मा कुठं ठेवला मी… दिवसभर लोकांचे चष्मे दुरुस्त करायचे आणि स्वतःचा मात्र… अगं, डोक्यावरच आहे. … हस, हस. तुझंही वय काही थांबून राहिलेलं नाही."

ताईनं फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरला. हात मोकळे हवेत म्हणून ती नेहमी तसाच धरायची. मान अवघडायची, पण स्पीकर लावला की बहिणीचा आवाज खोलीभर पसरतो आणि मग तो आपला एकटीचा राहत नाही, असं तिला उगीच वाटे. खोलीत दुसरं कुणी नव्हतंच, तो भाग वेगळा.

समोर टेबलावर गाडी होती. गाडी म्हणजे अर्धी गाडी. एकमेकांत अडकणारे प्लास्टिकचे ठोकळे, गिअर, खुंट्या आणि बोटभर स्प्रिंगा यांची बांधलेली, दगडधोंड्यांवरून चढून जाणारी उंच चाकांची जीप. बॉनेट, स्टिअरिंग आणि पुढची चाकं असं पुढचं अर्धं ताईकडे. मोटर, बॅटरी आणि मागची चाकं असं मागचं अर्धं धाकट्या बहिणीकडे, एका रात्रीच्या प्रवासावर. विकतचा संच नाही की छापील आराखडा नाही. दोघींच्या डोक्यातून निघालेली गाडी. नेम एकच होता, फोटो पाठवायचा नाही. तोंडानं सांगायचं, कानानं ऐकायचं आणि हातानं लावायचं. फोटोत जे एका नजरेत कळतं, ते सांगायला अख्खी संध्याकाळ जाते. ताईनं हा नेम घातला तो त्या संध्याकाळसाठी. चिमीला तिनं हे कधी सांगितलं नव्हतं.

येत्या रविवारी चिमी मागचं अर्धं घेऊन येणार होती. दोन्ही अर्धी जोडायची आणि मागच्या अंगणात पडलेल्या खडीच्या ढिगावर गाडी चढवायची.

"हं, मग रविवारचं सांग. … खडी ठेवलीय मी राखून. शेजारचा ठेकेदार उचलायला आला होता, म्हटलं सोमवारपर्यंत हात लावायचा नाही. … तो काय म्हणणार? म्हणे, 'बाई, खडी कसली राखताय, अंडी घातलीत का तिच्यात?' … मी म्हटलं, माझी बहीण येतेय गाडी घेऊन, तिला चढायला हवीय. तर डोळे एवढे मोठे करून म्हणतो कसा, 'टायर बसतील हो त्यांचे!' … हो ना! … चिमे? … हसली का नाहीस?"

पलीकडून चिमी बराच वेळ बोलत होती. ताईच्या बोटांत एक छोटं चाक होतं, ते तिनं टेबलावर उभं केलं.

"बदली? … कुणाची, तुझ्या ह्यांची? जावईसाहेबांची? … कधी? … ह्या शनिवारी? अगं पण… हो. हो, हुकूम आला म्हटल्यावर कोण काय करणार. … नाही, मी कुठं काय म्हणतेय. … रागावले नाही गं. … किती लांब? … म्हणजे विमानानंच यायचं. … हं. … मग खडी… नाही, काही नाही. बोल तू."

चाक गडगडत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं. तिनं ते एका बोटानं अडवलं.

"मग सुट्टी मिळाली की ये. गाडी म्हणजे काय दूध आहे नासायला? … कुरिअर? कशाचं कुरिअर? … मागचं अर्धं? इकडे? … का पण? … टेबल नसलं म्हणून काय झालं, जमिनीवर बसून… हो, तुझे गुडघे. हो. … दोन खोल्या आणि त्यात सासूबाई. समजतंय मला, चिमे. … मी जोडीन की. जोडायला काय लागतं… नाही, आवाज जरा बसलाय. दुकानात गार हवा फार सोडतात."

जोडायला खरंच काही लागत नव्हतं. लागत होती ती चिमी. चिमीला फोनवर बोलायची हौस कधीच नव्हती. जीप सुरू होण्याआधी तिचा फोन वाढदिवसाला यायचा, आणि कुणी गेलं की यायचा. मधल्या काळात दोघी आपापल्या जागी सुखरूप आहेत असं धरून चालायचं. मागचं अर्धं एकदा ह्या टेबलावर आलं की तिकडून सांगण्यासारखं काय उरणार? 'आज पाणी आलं नाही' आणि 'तुझ्याकडे उकडतं का गं?' त्यावर किती दिवस निघतात, हे ताईला पुरतं ठाऊक होतं.

"हं, सांग. ऐकतेय. … मधला दांडा मोटरीतून निघतो. बरं. … टोक एक पेर बाहेर ठेवलंयस. छान. तेवढंच हवं, माझ्याकडे खोबण तेवढीच आहे. … आणि दांड्यावरून चाकांना जोर देणारा मोठा पिवळा गिअर… डावीकडे. हो, मीच सांगितलं होतं. माझाही डावीकडेच आहे. म्हटलं दोघींचं सारखं असलं की दिसायला नीटनेटकं… थांब. … थांब, थांब. … नाही, काही नाही. जरा थांब गं."

ताईनं आपलं अर्धं उचललं. बॉनेटचं तोंड पलीकडे वळवलं आणि दांड्याची खोबण आपल्याकडे. दुकानात चष्म्याच्या काडीचा स्क्रू आवळताना फिरवतो तशी ती खोबण चिमटीत धरून फिरवली. पुढची चाकं फिरली. सरळ, पुढच्या दिशेनं.

"चिमे, एक कर. तुझं अर्धं घे समोर. … खोक्यात घातलंस? काढ की मग. … हो, चिकटपट्टी काढ. … हं. आता दांड्याचं टोक तुझ्याकडे येऊ दे. आलं? मी इकडून आवळते, म्हणजे तू तिकडून सैल करायचं. अगं, दांडा एकच आहे, पण आपण दोन टोकांना बसलोय ना, म्हणून. … हं. बरणीचं झाकण उघडतेस तसं फिरव. हळू. … चाकं कुठं चालली? … तुझ्याकडे, की तुझ्यापासून लांब? … लांब. नक्की? … परत कर. … लांबच. म्हणजे मागे."

ताई खुर्चीत टेकून बसली.

"मेलो आपण. … अगं, हसू नको, खरंच. पुढची चाकं म्हणतात पुढे चल, मागची म्हणतात मागे चल. जोडली असती तर गाडी जागच्या जागी थरथरत बसली असती आणि दाते मोडले असते. … तुझं काही नाही चुकलं, माझंच डोकं. दोन्ही गिअर एका बाजूला लावले ना, तिथंच फसलं. ते समोरासमोर तोंड करून बसलेत. एकीनं डावीकडे लावला तर दुसरीनं उजवीकडे लावायला हवा होता, तर दोघी एका दिशेला गेल्या असत्या. आणि मी बसले सारखं सारखं करत. … हो, शाळेतल्या रिबिनींसारखं. तेव्हाही तुला नको असायची आणि मी बांधायचीच. … बास आता, किती हसशील?"

मग चिमीनं विचारायचं तेच विचारलं, आता उलटं कुणाचं करायचं? 

उलटं करायचं ते एकीनंच. ताईकडचा गिअर ज्या चौकटीत बसला होता ती चौकट दोन काळ्या खुंट्यांवर उभी होती. खुंट्या ओढल्या की चौकट हातात, वळवून लावली की झालं. चहाला उकळी यायच्या आत. चिमीचं तसं नव्हतं. तिच्याकडे आधी बॅटरी काढायची, मग मोटर, मग दोन्ही स्प्रिंगा, आणि मग कुठं गिअर दिसायचा. पुन्हा बसवायला कित्येक संध्याकाळी. आणि उघडून पडलेलं काही कुरिअरनं पाठवता येत नाही.

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर झोपेपर्यंत खोटं बोलायचं नाही, हा ताईचा फार जुना नेम होता. एकटीच्या घरात तो पाळायला फारसे कष्ट पडत नसत. खोटं बोलायचं तरी समोर माणूस हवा.

"तुझं. … हो, मागचंच उलटं करावं लागेल. … माझं नाही गं हलायचं. स्टिअरिंग आड येतं. ते काढायचं म्हणजे सगळं बॉनेट उसकटावं लागेल. … नाही, नाही, तसंच पाठवू नकोस. इथं मला मोटरीचं काही कळणार नाही. तूच कर. मी सांगते ना. … आत्ता? … बघ बाई, बांधाबांध पडली असेल तुझी. … बरं, मग कर."

आणि पलीकडे सुरू झालं. ठोकळा निघताना 'टक' असा आवाज येतो. फोनमधून तो इतका स्वच्छ येत होता की ताई डोळे मिटून सांगू शकली असती, आत्ता चपटा निघाला, आत्ता लांब.

"आधी बॅटरी. … वरची दोन फळ्यांची झाकणं एकदम उचल, एकेक केलंस तर तुटतील. … शाब्बास. … तारेला ओढू नको. तार आहे ती, जावईसाहेबांचा कान नाही. … सगळं एका डब्यात टाक, इकडेतिकडे नको, मागच्या वेळी तुझी ती बारीक खुंटी कुठं सापडली होती? … चपलेत! … आता स्प्रिंग. दाबून धर आणि मग आस बाहेर. … उडाली? … कपाटाखाली? … अगं, वाकू नकोस अशी, गुडघ्याचं भान ठेव. … सापडली? … उठता येतंय का? … भिंतीला धर. … कशाला धरलंस मग? … खोक्याला. ताटल्यांच्या. बरं."

कुणीतरी पुरुषी आवाजात लांबून काही विचारलं. चिमीनं फोनवर हात ठेवून दिलेलं उत्तर ताईला अस्पष्ट ऐकू आलं. पुन्हा 'टक' झालं. ताईला ती खोली दिसायला लागली. भिंती उघड्या, पडदे उतरवलेले, दोरीनं बांधलेल्या गाद्या, आणि त्या सगळ्याच्या मध्ये दुखरे गुडघे मोडून बसलेली तिची धाकटी बहीण, चांगली उभी राहिलेली वस्तू आपल्या हातानं मोडत.

"चिमे. … चिमे, हात थांबव. … नाही, चुकलं नाही तुझं. थांब म्हणते ना. … मी खोटं बोलले. … आत्ताच, मघाशी. स्टिअरिंग काही आड येत नाही. माझं हलतं. दोन खुंट्या काढल्या की सुटतं. तुझं उघडायची काही गरज नव्हती. मला वाटलं… मला वाटलं, उघडलंस की पाठवायची नाहीस. … बोल ना. … रागव हवं तर."

ताईनं मघाचं छोटं चाक मुठीत घेतलं.

"काय? … तुला माहीत होतं? … कधीपासून? … माझं वाक्य पुरं व्हायच्या आधीपासून? … कसं काय पण? तू तर कधी पाहिलंही नाहीस… मी सांगितलं होतं? … 'दोनच खुंट्यांवर उभं केलंय, कौतुक कर माझं.' … हो. … असं म्हटलं होतं खरं."

ताईला हे सुचलंच नव्हतं. जी वस्तू चिमीनं एकदाही पाहिली नव्हती, तिची खुंटी न् खुंटी तिला तोंडपाठ होती. ताईनंच ती रोज थोडी थोडी तिच्या कानात घातली होती. ह्या गाडीबद्दल चिमीपाशी खोटं बोलायला जागाच नव्हती.

"मग काढलंस कशाला? … अगं, माहीत होतं तर बसलीस कशाला मोडत? एवढी बॅटरी, मोटर, ती कपाटाखालची स्प्रिंग… काय म्हणालीस? … 'आता हे असं उसकटलेलं कुरिअरनं कसं पाठवू?' … लबाड. … पहिल्यापासूनची लबाड आहेस तू. … नाही, रडत नाहीये. … चष्मा पुसतेय. … गप गं."

चिमी आता हळू बोलत होती. ताई मान हलवत होती, फोनवर ते दिसत नाही हे विसरून.

"हं. … हो, तिकडे रोज नाही जमायचं, कळतंय मला. सासूबाईंची झोप, जावईसाहेबांची वेळ. … आठवड्यातून एकदा? … चालेल. … चालेल म्हटलं ना. … अगदी त्याहून कमी झालं तरी… नाही. त्याहून कमी नको, चिमे. आज एकदा खोटं बोलून झालंय, पुन्हा नाही बोलवत. … हो. … डबा कशात ठेवशील? ट्रकमध्ये नको हं. … तुझ्या हातातल्या पिशवीत. बरं. आणि गिअर मोजून… हॅलो? … चिमे? … हॅलो? … हॅलो?"

फोन कटला होता. ताईनं तो कानापासून काढून पाहिला आणि टेबलावर पालथा न ठेवता उताणा ठेवला.  फ्रिज घुरघुरायला लागला आणि थांबला. शेजारच्या घरात कुणीतरी कुणालातरी जेवायला हाक मारली. फोन काही पुन्हा वाजला नाही. तिकडे बांधाबांध चालू झाली असेल.

तिनं पुढचं अर्धं जवळ ओढलं. बॉनेटखाली बोट घातलं. दोन्ही काळ्या खुंट्या नखाला लागल्या, सैलसर, ओढल्या असत्या तर सहज हातात आल्या असत्या.

तिनं अंगठ्यानं त्या आणखी आत दाबल्या, आधी एक, मग दुसरी, आणि एकटीचं जेवण गरम करायला उठली.