सिल्व्हर प्रेअरीची डावी गल्ली

नाही हो, पण अडीचशे पौंड वजनाचं मशीन फोनमध्ये बसतंच कसं, एवढं एकच मी विचारलं, तर तो डेक्लन माझ्याकडे असं बघायला लागला की जणू मी त्याची किडनी मागितली. तुम्हाला सांगते, एकतीस वर्षं मी पिनबॉलच्या कारखान्यात काढली, म्हणजे ते नाणं टाकून काचेखाली गोळी टोलवायचं मशीन हो, शिकागोत तेव्हा पिनबॉल म्हणजे घरटी एक माणूस कामाला... चार लोखंडी पाय, वर काच, पोटात अर्धा मैल वायर, उचलायला दोन दांडगे पुरुष, आणि त्यातल्या एकाची कंबर धरलीच पाहिजे. आणि हा चाळिशीचा दाढीवाला इथं शिकागोशेजारी सिसरोला माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझी कॉफी पीत, खिशातनं फोन काढतो आणि म्हणतो, "मिसेस पाझदान, हे बघा तुमचं सिल्व्हर प्रेअरी!" मला काही कळलं नाही, मी आपली मान डोलावली.

ही माझी जुनी खोड हो. कळलं नाही की मान डोलवायची. माझं लग्नसुद्धा असंच झालं. हॉलमध्ये पोल्काचा नाच चालू, बँडवाले कान फाडतायत, आणि एड माझ्या कानाशी येऊन काहीतरी पुटपुटला, मला वाटलं बियर आणू का विचारतोय, मी मान डोलावली, आणि जूनमध्ये आमचं लग्न. बरा होता बिचारा, देव त्याला सुखात ठेवो, पण मुद्दा तो नाही... मुद्दा काय होता? हां, फोन.

तर डेक्लनची कंपनी जुनी मशीनं पुन्हा बाजारात आणते. पुन्हा म्हणजे लाकडाची, लोखंडाची नव्हेत हो. फोनवर, टीव्हीवर, आणखी कसल्या कसल्या डब्यांवर. एका म्हाताऱ्याच्या तळघरातनं आमचं सिल्व्हर प्रेअरी शोधून काढलं, १९८० सालचं, ते सगळं खोललं, प्रत्येक स्क्रूचा फोटो, प्रत्येक ठोक्याचा आवाज, आणि दोन वर्षं सात माणसं बसून तेच पुन्हा बनवतायत. मोठ्या अभिमानानं सांगतो मला, "मूळ मशीनचं रबर जितकं झिजलं होतं ना, तितकंच आम्ही झिजवलंय." अरे, पण नवीन करतोयस तर रबर नवीन घाल ना! मी माझा टोस्टर नवीन घेतला तर दुकानदाराला म्हणते का, की जुना एका बाजूनं पाव जाळायचा, तसाच जाळणारा दे?

"खेळून बघा," म्हणाला. आता पिनबॉल खेळायचं म्हणजे गोळी बाजूला जायला लागली की कंबरेनं मशीनला हळूच एक धक्का द्यायचा, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. मी दिला. टेबलाला. कॉफी त्याच्या पँटवर. तो म्हणतो, "नाही नाही, फोन हलवायचा." मग कंबर कशाला दिलीय देवानं? मला काही कळलं नाही, मी मान डोलावली आणि फडकं आणलं.

इथपर्यंत ठीक होतं. मग त्यानं कॅमेरा लावला. म्हणाला खेळाबरोबर एक छोटी फिल्म पण देणार, जुन्या कामगारांच्या आठवणी. आणि खुर्ची पुढे ओढून, आवाज एकदम खाली आणून विचारतो, "मिसेस पाझदान, आता डाव्या गल्लीबद्दल बोलू या?"

तुम्हाला सांगते, पिनबॉलला दोन्ही कडेला एकेक गल्ली असते, गोळी तिकडे घसरली की गेली, तुमचा डाव बुडाला. सगळ्या मशीनवर असंच. पण सिल्व्हर प्रेअरीवर म्हणे डावीकडनं गोळी गेली की मशीन गाणं वाजवतं आणि तुम्हाला आणखी एक गोळी बक्षीस देतं. आणि वर ते सूर्यफुलाचं टार्गेट आहे ना, मारायला सगळ्यात अवघड, ते मारलं तर काय मिळतं? दहा गुण. भीक घातल्यासारखे. "जगात दुसऱ्या कुठल्याच मशीनवर हे नाही," डेक्लन म्हणतो, आणि त्याचे डोळे पाणावले हो, खरंच पाणावले. "हरणाऱ्याला हात देणारं मशीन! वॉरननं यावर किती भाषणं दिलीयत."

वॉरन म्हणजे वॉरन हॅलक, ज्यानं ते मशीन आखलं तो. आता अठ्ठ्याऐंशीचा आहे, ॲरिझोनात असतो. तर हा वॉरन म्हणे गेली चव्वेचाळीस वर्षं मेळाव्या-मेळाव्यांतनं सांगत फिरतोय की नेम धरून मारणाऱ्याला जग देतंच, मला पडणाऱ्याला द्यायचं होतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. दोघातिघांनी ते सूर्यफूल दंडावर गोंदून घेतलंय. "आणि त्या मशीनची पहिली वायरिंग तुम्ही केलीत," डेक्लन म्हणतो, "म्हणजे वॉरननं तुम्हाला आधीच सांगितलं असणार, की या दोन वायरी अशा अशाच जोड. हो ना?"

आता इतकं सगळं ऐकून माझं डोकं भणभणलेलं, गोंदलेले दंड डोळ्यांसमोर, समोर लाल दिवा लुकलुकतोय... मला काही कळलं नाही, मी मान डोलावली.

तो खूश होऊन गेला. मी सूप ठेवलं. आणि गाजर चिरता चिरता सुरी थांबली माझी. दोन वायरी. पांढऱ्यावर निळी रेघ, आणि पांढऱ्यावर जांभळी रेघ. निळी सूर्यफुलाची, जांभळी डाव्या गल्लीची.

आमचं काम कसं असायचं सांगते. मोठी फळी, तिच्यावर खिळे ठोकलेले, त्या खिळ्यांमधनं एकेक वायर फिरवत न्यायची, शेवटी सगळ्यांची मिळून एक जाडजूड वेणी बांधायची, ती मशीनच्या पोटात जाणार. पहिली वेणी मी करायची, कारण माझा हात पक्का. आणि मी केली तश्शीच मग बाकीच्या पंचवीस बायका करणार. म्हणजे माझं बरोबर तर सगळ्यांचं बरोबर. आणि माझं चुकलं तर... पण माझं चुकायचं नाहीच हो. कामाला वीस वर्षं भरली तेव्हा कंपनीनं मला सोन्याच्या पाण्याची पिन दिली, ‘एकही चूक नाही’ असं कोरलेली. अख्ख्या कारखान्यात दुसऱ्या कुणाकडे नाही. दर रविवारी चर्चला कोटावर लावते.

आणि सिल्व्हर प्रेअरीची पहिली वेणी मी केली त्या दिवशी होता पोंचकीचा मंगळवार. दुसऱ्या दिवशीपासून ईस्टरपर्यंत उपास, त्यामुळे आदल्या दिवशी घरातलं सगळं तूप नि साखर संपवायचं, प्रत्येक बाई डबा भरभरून पोंचकी आणायची, म्हणजे आमचे पोलिश तळलेले गोड पाव, आत आलुबुखाराचा जॅम, वर पिठीसाखर. मी डाव्या हातानं खात होते आणि उजव्या हातानं वायर ओढत होते. निळी रेघ काय नि जांभळी रेघ काय, साखरेखाली सगळ्या रेघा सारख्याच! वॉरननं काही सांगितलं नव्हतं. वॉरन तेव्हा खोलीतच नव्हता. ती दया नव्हती हो, तो जॅम होता.

बरं, आता माझी पंचाईत बघा. खरं सांगावं तर पिन खोटी. गप्प बसावं तर मी कॅमेऱ्यासमोर धडधडीत खोटं बोलले, मानेनं का होईना. मुलीला फोन केला. रोक्सान म्हणाली, "आई, कोण विचारतंय? तो खेळ आहे." खेळ तुला गं. मी एकतीस वर्षं त्या फळीपुढं उभी राहून पायाच्या शिरा फुगवून घेतल्या, त्याचं माझ्याजवळ शिल्लक काय, तर ती पिन.

म्हटलं आधी वॉरनला विचारावं. लावला फोन. "वॉरन," म्हटलं, "मी जेनी पाझदान. तू इतकी वर्षं भाषणं ठोकतोयस, पण डाव्या गल्लीची वायरिंग तू सांगितली नव्हतीस. माझी चूक होती ती." तिकडनं नुसता खोकला. मला वाटलं गेला की काय म्हातारा. मग म्हणतो, "ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"जेनी, चाचणीला पहिलीच गोळी डावीकडे गेली आणि मशीन गायला लागलं. मी खाली वाकून बघितलं, दोन वायरी उलट. वायरीवर साखर होती गं! तोवर तीनशे वेण्या बांधून झालेल्या. फोरमन स्टॅन माझ्या पाठीशी उभा, आणि तो त्या आठवड्यात माणसं कमी करायला निमित्तच शोधत होता. तुझ्या एडला मिलमधनं काढलेलं, पदरात दोन पोरं... स्टॅन म्हणाला, हे काय? मी म्हटलं, मीच सांगितलंय तसं करायला. तो म्हणाला, हरणाऱ्याला बक्षीस? का? तर मला काहीतरी कारण द्यावं लागलं."

"आणि ते कारण..."

"चव्वेचाळीस वर्षं देतोय," वॉरन म्हणाला. "थांबवायचं कसं तेच कळलं नाही. लोक रडायला लागले की मधेच कसं म्हणणार, की बाबांनो, पोंचकी?"

माझा अख्खा संसार, एडला पुन्हा काम लागेपर्यंतची ती दोन वर्षं, पोरांचे बूट, घराचं छप्पर, सगळं ज्या माणसाच्या एका थापेवर उभं होतं त्याला मी कधी दारात थांबवून कॉफीसुद्धा विचारली नव्हती, उलट बायकांत बसून म्हणायची की हा हॅलक म्हणजे शिष्ट. म्हटलं, "वॉरन, मला का नाही सांगितलंस?" तर म्हणतो, "तू पिनमध्ये इतकी छान दिसायचीस."

दुसऱ्या दिवशी डेक्लनला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं, पोंचकीपासून फोरमनपर्यंत, आणि पिन काढून टेबलावर ठेवली. म्हटलं, "ही मी कंपनीला परत केली असती, पण कंपनी राहिली नाही. तेव्हा तू एवढं कर, ती चूक दुरुस्त कर. निळी निळीच्या जागी, जांभळी जांभळीच्या जागी. चव्वेचाळीस वर्षं उशीर झालाय, पण होऊ दे एकदाचं बरोबर."

तर हा उडालाच. "दुरुस्त? मिसेस पाझदान, लोक मला जिवंत जाळतील!" आणि कॅमेरा परत लावला हो त्यानं, मला परत सगळं बोलायला लावलं, मधेच नाक शिंकरतोय, मधेच हसतोय, म्हणतो, "हे तर आधीपेक्षाही भारी आहे." चूक होती म्हणून सांगितलं तर भारी. जाणूनबुजून केलं होतं तेव्हा भारी. मग बरोबर असतं तर? तर म्हणे कुणाला आठवलंच नसतं ते मशीन. अहो, मी लाखांनी जोड मारले त्या कारखान्यात, लाखांनी, एकही सुटलेला नाही, त्यांतल्या एकाबद्दल विचारायला आजवर कुणी माझ्या दारात आलं नाही. मला काही कळलं नाही. आणि या वेळी मी मान अजिबात हलवली नाही, मानेवर हात धरून बसले.

शेवटी कसाबसा तोडगा निघाला. त्यानं खेळात एक बटण दिलं, ज्याला पाहिजे त्यानं मशीन बरोबर करून खेळावं. बटणाचं नाव ठेवलं, ‘जेनीची चूक: चालू किंवा बंद’. छान. ज्या बाईनं एकच चूक केली, तिच्या नावाला तीच चिकटली, जगभर, चौदा भाषांत.

खेळ बाजारात आला. वॉरननं ॲरिझोनातनं फोन करून सांगितलं की आता लोक त्याला भाषणाला बोलावून वर पोंचकी खायला घालतात, डॉक्टरनं मना केलंय तरी खातो. महिन्याभरानं डेक्लनचा फोन. "चाळीस हजार लोक खेळतायत," म्हणे, "आणि ठाऊक आहे, तुमची चूक किती जणांनी बंद केली? एकानं! चाळीस हजारांत एक. आम्ही सगळे ऑफिसात विचार करतोय, हा कोण नमुना?" त्यांना तिकडे बसून कसं कळतं कोण काय दाबतं ते, देव जाणे. मी म्हटलं, "असेल कुणीतरी कामात चोख."

मीच हो ती. रोक्साननं टीव्हीला जोडून दिलं होतं. दार लावलं, चष्मा पुसला, बटण बंद केलं आणि बसले खेळायला. पहिली गोळी, डावी गल्ली, गेली. दुसरी, डावी गल्ली, गेली. तिसरी सूर्यफुलाच्या वाटेलाही गेली नाही, सरळ खाली. दीड मिनिटात खेळ खलास. एकही वायर इकडची तिकडे नव्हती, सगळं जिथल्या तिथं, अगदी जसं करायचं होतं तसं... आणि मी बघतेय त्या काळ्या पडद्याकडे, आणि पडदा बघतोय माझ्याकडे.

मग काय करते. इकडं तिकडं बघितलं, कुणी नव्हतं, आणि शहात्तराव्या वर्षी, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, बटण दाबून तीच चूक पुन्हा केली.